वायसर, ग्यानोबा नमुना

पुणे,
२२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप मामांना राणीचा जय भीम.

मामीच्या गुडघ्याचं कसं काय ते कळवा. मी बरी आहे. हे पत्र कामाचं आहे, तेव्हा हसू नका.

मुरमाच्या ट्रॉलीचा जॅक तुम्ही पंधरा वर्षं खोलताय. मला एवढं सांगा: थंडीच्या दिवसांत तो सकाळी मंद चालतो का? वर उचललेली ट्रॉली हळूहळू खाली बसते का? आणि बसत असेल तर दोष कशाचा, तेलाचा की आतल्या रबरी कडीचा?

कशासाठी विचारते ते सांगता येणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका. तुम्ही फाट्यावर सगळ्यांना सांगता की भाची सैन्यासाठी हत्यारं बनवते. खरं सांगू? या कचेरीत तीन वर्षांत मी हत्यारं कमी पाहिली, परदेशी कंपन्यांची जाड पुस्तकंच जास्त पाहिली. कुठलीही वस्तू लागली की आमचे साहेब आधी ते पुस्तक उघडतात. आपल्या बाजारात तशीच वस्तू मिळते का, हे बघायला कुणी खुर्चीतून उठत नाही. मला वाटतं, एकदा उठून बघावं.

उत्तर लवकर पाठवा.

तुमची,
राणी


वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. परभणी
९ डिसेंबर १९९८

चि. राणीला मामाचा जय भीम आन आशीर्वाद.

पत्र भेटलं. सहा तारखेला दुकान बंद होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणे पोरीची नोकरी गेली, आता ती ट्रॉली घेऊन मुरूम टाकायचा धंदा करून राहिली. मी म्हणलं, तसं न्हाई, पोरीसाठी ट्रॅक्टरवालं स्थळ आलं असंल. आमच्या दोघांपैकी कोण बराबर ते लिही. नोकरी गेली असंल तरी लाजू नको, दुकानात दुसरा हात लागतोच.

आता तुझा सवाल. आपल्याकडची थंडी म्हणजे काही थंडी न्हाई, तरी जानेवारीत पहाटेच्या गाड्या कुरकुर करतात. तेल जाड होतं म्हणून जॅक मंद होतो. पण उचललेली ट्रॉली खाली बसली तर तेलाला दोष देऊ नको. दोष कडीचा. थंडीत रबर आखडतं, कडक होतं, अन बाजूनं तेल पाझरतं. ऊन पडलं की तीच कडी पुन्हा शहाणी होते. म्हणून गिऱ्हाईक दुपारी आलं की जॅक नीट चालतो, अन ते म्हणतं, ग्यानोबा, तुझं निदान चुकलं.

किती थंडीसाठी पाहिजे ते लिही.

तुझा मामा,
ग्यानोबा खिल्लारे


पुणे,
२१ डिसेंबर १९९८

तीर्थरूप मामांना,

नोकरी आहे. स्थळ नाही. मामीला सांगा.

थंडी एवढी समजा की बर्फाच्या कारखान्यातलं मिठाचं पाणीही तिच्यापुढे कोमट वाटावं. याहून जास्त लिहीत नाही.

तुम्ही कडीबद्दल लिहिलंत ते मी चार वेळा वाचलं. इथे सगळे तेलावरच वाद घालतात, कडीचं नाव कुणी काढत नाही.

राणी


वारंगा फाटा,
१९ जानेवारी १९९९

चि. राणीस,

तू बर्फाच्या कारखान्याचं नाव काढलं, अन माझं डोकं तिकडंच गेलं. नांदेडला गुलाबचंद शेठचा कारखाना हाय. त्याच्या गाडीचं काम मी करतो. मी जुना ट्रॉलीचा जॅक मेणकापडात बांधला अन त्याच्या मिठाच्या हौदात एक दिवस बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला, लगेच बर्फाच्या लाद्या भरलेल्या ट्रॉलीखाली लावला. उचलली. तासाभरात चार बोटं खाली बसली. खाली तेलाचं थारोळं.

मग इचार केला. तुला माहीत हाय, जॅकच्या धंद्यात यायच्या आधी आठ वर्षं मी पंचायत समितीच्या हापशांचा मिस्त्री होतो. हापशाच्या आत चामड्याचं वायसर असतं, वाटीसारखं. पाणी वर ओढतं ते त्याच्याच कडेच्या जोरावर. चामडं थंडीनं रबरासारखं आखडत न्हाई. मी चांगल्या चामड्यातून जॅकच्या मापाचं वायसर कापलं, एरंडीच्या तेलात दोन दिवस मुरवलं, रबर काढून ते बसवलं. पुन्हा हौद, पुन्हा बर्फाची ट्रॉली. सकाळी नऊला उचलली, दुपारी तीनपर्यंत तशीच उभी. गुलाबचंद शेठ स्वतः पट्टी लावून बघून गेला. एक सूतभर हलली असंल.

वायसर पार्सलनं पाठवून राहिलो. कडेकडं बघ, आतून तासलेली हाय. सगळी करामत तिथं हाय.

ग्यानोबा


पुणे,
२ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप मामांना,

आधी भांडते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं नांदेडला जायला? मी एक साधा प्रश्न विचारला, आणि तुम्ही अख्खा कारखाना कामाला लावलात. यापुढे या विषयावर कुणाशी बोलू नका, गुलाबचंद शेठशीही नाही.

आता दुसरं. पार्सल मिळालं त्या दिवशी मी जेवले नाही. बाजारातून ट्रॉलीचा तयार जॅक आणला, तुमचं वायसर बसवलं आणि आमच्या थंड खोलीत ठेवलं. एरंडीचं तेल आमच्या थंडीत साकळलं, म्हणून चामडं दुसऱ्या पातळ तेलात मुरवलं आणि जॅकमध्येही तेच भरलं. धूळ आत जाऊ नये म्हणून वर कातडी टोपी शिवून घेतली. एवढे तीनच बदल. बाकी जॅक जसा कळमनुरीच्या बाजारात मिळतो तसाच. बारा तास वजन धरून उभा राहिला.

अहवाल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी वायसर दोन बोटांत धरलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, संरक्षणाची वस्तू हापशातून येत नसते."

मी म्हणाले, "सर, ती कुठून येते यापेक्षा ती चालते का ते बघू या."

त्यांना ते आवडलं नाही. परदेशातून नवीन यंत्रं मागवायची फाईल वरपर्यंत गेली आहे, यंत्रं यायला तीन वर्षं लागतील. पण अहवाल लेखी दिल्यामुळे रीतसर चाचणी घेणं त्यांना भाग आहे. अहवालात मी कल्पना कुणाची तेही लिहिलं आहे: ग्यानोबा खिल्लारे, हापसा मिस्त्री, वारंगा फाटा. ते माझ्या नावावर खपवणं मला जमलं नसतं.

राणी


पुणे,
२९ ऑगस्ट १९९९

तीर्थरूप मामांना,

जवळजवळ सात महिने लिहिलं नाही, माफ करा. उन्हाळ्यात सीमेवर काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच. इथे सगळे रात्रंदिवस कामाला होते, आणि माझी चाचणी पुढे पुढे ढकलली गेली. अखेर परवा झाली.

पहिल्याच तासाला जॅक खाली बसला. खोलीत सात माणसं होती. दोघांच्या चेहऱ्यावर हसू होतं. एप्रिलमध्ये मी तोच जॅक पाच वेळा तपासला होता. मग मी म्हणाले, सगळ्यांसमोर खोला. साहेब म्हणाले, गरज नाही. मी पाना घेतला आणि स्वतः खोलला.

आत रबराची कडी होती. तुमचं वायसर नव्हतंच.

वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, चुकून जुनी बसली असेल. मी फेरचाचणी मागितली. साहेब म्हणाले, नापास ते नापास. संध्याकाळी टाईप केलेला कागद टेबलावर आला: "बाजारातील सुटे भाग लष्करी उपयोगास अयोग्य." खाली माझ्या सहीची जागा.

मी सही केली नाही. त्या जागेवर हातानं लिहिलं, "जे तपासायचं होतं ते जॅकमध्ये नव्हतं. म्हणून ही चाचणी झालेलीच नाही." त्याखाली मात्र सही केली.

काल मला दप्तरखान्यात बसवलं. जुन्या कागदांना नंबर घालायचे. दहा वर्षं घातले तरी तो कागद मी बदलणार नाही. पण मामा, तुमच्या वायसरला मी न्याय देऊ शकले नाही, याचं वाईट वाटतं.

राणी


वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
१२ सप्टेंबर १९९९

चि. राणीस,

पत्त्यावर आता परभणी लिहू नको. मे महिन्यापासून आपला जिल्हा हिंगोली झाला. पोस्टमन मला रोज सांगून राहिला.

तुला एक गोष्ट सांगतो. मागच्या आठवड्यात फाट्यावर एसटीतून एक जवान उतरला. सोनाजी नाव, सेनगावकडच्या सखुबाईचा लेक. कंबरेला पट्टा, चालताना वाकून. सेनगावची जीप यायला उशीर होता म्हणून माझ्या बाकड्यावर बसला. तोफखान्यात हाय. मी इचारलं, गोळी लागली का? म्हणला, न्हाई काका, गोळ्यानं मारलं, पण आमच्याच.

त्यानं सांगितलं की तोफेचा एक एक गोळा म्हणजे धान्याचं अर्धं पोतं. तो उचलून तोफेच्या मागच्या तोंडाशी न्यायला एक जॅकचा पाळणा असतो. वर डोंगरात थंडीनं तो पाळणा बसला. मग यांनी तीन आठवडे गोळे हातानं उचलले, जिथं नुसतं चाललं तरी दम लागतो तिथं. याची कंबर गेली. दुसऱ्या एकाची बोटं चेंगरली.

मी तुला काही इचारत न्हाई. तू सांगू नको म्हणली, मी इचारलं न्हाई. पण मला काय समजायचं ते समजलं.

आता न्यायाचं. नामांतराच्या दंगलीनंतरची गोष्ट, तुला कुणी सांगितली नसंल. एका गावात हापसा बंद पडला. उन्हाळ्याचे दिवस. समितीनं मला पाठवलं. गावातले चार जण आडवे आले, म्हणे दुसरा मिस्त्री पाठवा, तुझा हात आमच्या पाण्याला नको. मी म्हणलं, दुसरा मिस्त्री तालुक्यात न्हाई. ते म्हणले, मग राहू दे बंद. मी परत फिरलो न्हाई. तिथंच उन्हात पान्यांची पेटी उघडून बसलो. दुपारी त्यांच्याच घरच्या बाया रिकामे हंडे घेऊन आल्या अन त्या चौघांना म्हणल्या, बाजूला सरा. मी हापसा खोलला, वायसर बदललं. पाणी आलं ते सगळ्या गावानं पिलं. कुणी दांडा धुतला, कुणी न्हाई. पाणी थांबलं न्हाई.

तू उठू नको. बसून राहा.

ग्यानोबा


वारंगा फाटा,
२३ नोव्हेंबर १९९९

राणी, मी मामी. हे पत्र शाळेतल्या ज्योतीबाईंकडून लिहून घेतलं. तुझ्या मामाला माहीत न्हाई.

दिवाळीच्या आधी पुण्याहून दोन माणसं जीपनं आली. मामाला कळमनुरीच्या विश्रामगृहावर नेलं. सकाळी नेलं ते दिवे लागायला सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. म्हणे सरकारी गुपित तुमच्या भाचीनं तुम्हाला सांगितलं, तसं लिहून द्या, तुम्हाला काही होणार न्हाई. यांनी दिलं न्हाई. तेव्हा ते म्हणले, मग पोरीची नोकरी जाईल, वर खटला होईल. दुकानात आले अन पाना हातात धरून नुसते बसून राहिले. मला म्हणले, राणीला कळवू नको, ती घाबरंल अन सही करंल.

मला तसं वाटत न्हाई, म्हणून कळवते. तू लहानपणापासून घाबरली की जास्तच हट्टाला पेटते.

सोजराबाई


पुणे,
३० नोव्हेंबर १९९९

मामा,

मामीवर रागावू नका. तिनं बरोबर केलं. तुम्ही लपवलंत ते चुकीचं केलंत.

माझ्या हातातही नोटीस आली आहे. दहा जानेवारीला चौकशी समिती बसणार आहे. आरोप असा की गोपनीय माहिती मी एका खासगी मिस्त्रीला पत्रांतून पुरवली. अहवालात मी तुमचं नाव लिहिलं, तोच त्यांचा पुरावा. एक जण सुचवून गेला की ऑगस्टच्या कागदावर आता सही केली तर नोटीस मागे घेता येईल. मी त्याला चहा दिला आणि दार दाखवलं.

मामा, माझी सगळी पत्रं तुम्ही ठेवली असतील. तुम्ही विजेचं बिलही टाकत नाही. ती सगळी घेऊन पुण्याला या. एकही मागे ठेवू नका. गुपित कुठे आहे ते त्यांनी त्यातून शोधून दाखवावं. मी माफी मागणार नाही, आणि तुमचं नावही अहवालातून काढणार नाही.

राणी


वारंगा फाटा,
८ डिसेंबर १९९९

चि. राणीस,

पत्रं हायेत, पत्र्याच्या पेटीत. तुझी अन माझ्या उत्तरांच्या नकलाही हायेत. नऊ जानेवारीला निघतो. सोबत रबराची जुनी कडी, चामड्याचं वायसर अन पाना घेतो. कोण काय इचारंल ते सांगता येत न्हाई.

मामीवर रागावलो न्हाई. तिच्या हातचं दोन दिवस गुपचूप खाल्लं.

ग्यानोबा


पुणे,
३० जानेवारी २०००

तीर्थरूप मामींना,

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं लिहिते. मामा तुम्हाला वाचून दाखवणार आणि स्वतःबद्दलचं गाळणार. मामा, एक ओळही गाळू नका. ज्योतीबाईंकडून पुन्हा वाचून घ्यायला मी मामीला सांगितलं आहे.

मामी, लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते. दोन कचेरीतले, त्यातले एक आमचे मोठे साहेब, आणि एक तोफखान्यातले कर्नल. मामांना भिंतीजवळ बसवलं. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पहिला प्रश्न आला की मॅडमनं तुम्हाला काय सांगितलं. मामा म्हणाले, काहीच न्हाई, इचारलं फक्त. आणि पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

कर्नलसाहेबांना मराठी येत नव्हती. एक कारकून पत्रं वाचून हिंदीत सांगत गेला. माझी नोकरी गेल्याचा तुमचा अंदाज, ट्रॅक्टरवालं स्थळ, गुलाबचंद शेठची पट्टी, सगळं त्या खोलीत मोठ्यानं वाचलं गेलं. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. सोनाजीच्या पत्रापाशी कारकून थांबला. कर्नलसाहेबांनी ते दोनदा सांगायला लावलं, आणि सोनाजीच्या तुकडीचं नाव विचारलं. मामांना ते ठाऊक नव्हतं.

मग साहेब म्हणाले की मुद्दा पत्रात काय आहे हा नाही, अशा कामात बाहेरचा माणूस आला हा आहे. त्यावर मामा उठून उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, ट्रॉलीचा जॅक बाजारात टांगलेला असतो. हापशाचं वायसर गावोगाव हाय. यात गुपित एकच होतं, की तुमचं यंत्र थंडीत बसतं. ते मला हिनं न्हाई सांगितलं. ते कंबर मोडलेल्या जवानानं सांगितलं. त्याला बोलवा अन त्याच्यावर खटला भरा."

मामांनी पिशवीतून कडी आणि वायसर काढलं आणि दोन्ही कर्नलसाहेबांसमोर ठेवलं. त्यांनी वायसर उचललं, कड बोटानं चाचपली, आणि विचारलं की ऑगस्टमध्ये यातलं नक्की कोणतं आत होतं. मी म्हणाले, रबर. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, चुकून.

फेरचाचणी त्याच आठवड्यात झाली, कर्नलसाहेबांच्या समोर. वायसर बसवल्यावर त्यांनी जॅकला स्वतः लाखेचं सील लावलं. बारा तासांऐवजी चोवीस तास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा वजन जिथल्या तिथे होतं.

नोटीस रद्द झाली. पण सगळं गोड झालं असं समजू नका. परदेशी यंत्रांची फाईल थांबलेली नाही, ती येणारच. तोवर चाळीस तोफांना आपला जॅक लावायचा, आणि कागदावर त्याला "तात्पुरती व्यवस्था" म्हणायचं. कडी कुणी बदलली, ते कुणी शोधलं नाही. माझी बढतीही गेली. साहेबांनी मला तसं सांगितलं, अगदी शांतपणे. मीही शांतपणे सांगितलं की मी इथेच आहे.

आता शेवटचं. प्रत्येक सुट्या भागाचा नकाशा काढतात, त्यावर भागाचं नाव लिहितात. मी लिहिलं: वायसर, ग्यानोबा नमुना. साहेबांनी लाल शाईनं खोडलं. मी नवीन नकाशा काढून पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी, बर्फ वितळून वाट उघडताच माल वर जायला हवा होता, नकाशा पुन्हा काढायला कुणाला सवड नव्हती. तो तसाच मंजूर झाला. सगळीकडे आता तेच नाव जाईल.

पहिली चाळीस वायसरं तयार झाली की पारखायला तुमच्याकडे पाठवते. कचेरीच्या शिक्क्यानिशी येतील, मामांच्या नावानं.

तुमची,
राणी


वारंगा फाटा,
३ मार्च २०००

चि. राणीस,

खोकं भेटलं. पोस्टमननं शिक्का बघून सही दोनदा घेतली. तुझी मामी नकाशावरचं नाव ज्योतीबाईंकडून रोज वाचून घेऊन राहिली. आता बास म्हणलं तरी ऐकत न्हाई.

चाळीसही वायसरं एकेक करून उजेडात धरून बघितली. तेहतीस बराबर हायेत. सात वेगळी बांधून परत पाठवून राहिलो. चारांची कड जाड ठेवली, दोन पोटाच्या चामड्याची हायेत, ती ताणली जातील, अन एकाला सुईएवढं भोक हाय. दिसत न्हाई, पण तेलाला सापडतं.

तुझे साहेब म्हणतील, चाळीसात सात चालतात, तात्पुरतंच हाय. त्यांना सांग, चालत न्हाई. नवीन सात करून पाठवा, मी पुन्हा बघतो. माझं नाव फुकट लावायला मी दिलं न्हाई.

तुझा मामा,
ग्यानोबा खिल्लारे